अव्वाचा पावटा

दुधी भोपळ्याच्या वेलाला डोळे नसतात असं मला शाळेत शिकवलं होतं. माझा त्यावर अजून पुरता विश्वास बसलेला नाही. वेलाच्या शेंड्यापासून वीतभर अंतरावर एक सुतळी बांधून बघा. सकाळी बांधली तर दुसऱ्या दिवशी वेलाचा तणावा, म्हणजे ते पुढं आलेलं हिरवं बारीक बोट, तिला दोन वेटोळे घालून बसलेलं असतं. तिसऱ्या दिवशी त्या वेटोळ्याचा असा पीळ होतो की सोडवायला गेलात तर तुटेल पण सुटणार नाही. शिकलेले लोक सांगतात, तणावा हवेत गोल गोल चाचपडत असतो, लागलं हाताला की धरतो. असेल तसंही. पण सत्तावीस वर्षं मी हे बघतोय आणि अजून सकाळी एखाद्या मांडवाखाली उभा राहिलो की माझा चहा गार होतो.

माझा धंदा सांगितला की लोक म्हणतात, "म्हंजे माळी की." माळी नव्हे. माळी हिरवळ कापतो, गुलाबाला आकार देतो, साहेबांच्या गाडीवर पानं पडू देत नाही. मी लोकांच्या घरामागं, घरापुढं, गच्चीवर, जिथं दिवसाला चार-पाच तास ऊन येतं तिथं, त्यांच्या चुलीवर जाईल असं काहीतरी पिकवून देतो. भाजी, आणि भाजीबरोबर गवती चहा, पुदिना, पानओवा, कढीपत्ता, अडुळसा असली घरगुती झाडं. घर आमचं गडमुडशिंगीला. घरामागं माझी बायको शालन रोपं तयार करते, ती रोपं मोटारसायकलला बांधून मी रोज सकाळी कोल्हापुरात येतो आणि घरोघर फिरतो. रोपांतलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हे मी पहिल्यांदाच लिहून देतोय, अंक तिच्या हातात पडेल तेव्हा बघू काय होतं ते.

या अंकाच्या संपादिका माझ्याच गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या गच्चीवरचा कढीपत्ता तीन वर्षं हातभराच्या वर सरकलेला नाही, तरी त्या मला या विषयावर लिहायला सांगतात, म्हणजे बाई मनानं मोठ्या.

आमच्या भागात परसबाग लावायची तर पहिली अडचण म्हणजे ऊस. परसात ऊस नसतो, पण डोक्यात असतो. इथल्या प्रत्येक माणसाचं स्वतःचं नाहीतर सासुरवाडीचं शेत उसाचं. त्यामुळं कोथिंबिरीच्या वाफ्यालाही हा माणूस नळाची पाइप सोडून आत चहा प्यायला जातो. बाहेर येतो तेव्हा धने कुंपणापाशी जाऊन पोचलेले असतात. वर युरिया. "जरा जोर येऊ दे की मामा." माझं निम्मं आयुष्य लोकांच्या हातातली पाइप काढून घेण्यात गेलं.

वर्षाचं गणित तसं साधं आहे. पावसाळा वेलांचा. दोडका, कारली, काकडी, दुधी, आणि मांडवावर पावटा. दसऱ्याला पाऊस मागं सरला की मेथी, पालक, कोथिंबीर टाकायची, टोमॅटो लावायचे. थंडीत पालकाचं पान जे जाड होतं, ते चैत्रात तुम्ही कितीही सोनं ओतलं तरी होत नाही. संक्रांतीनंतर गवार, भेंडी, चवळी, आणि वैशाखात नुसता जीव धरून राहायचं, झाडांनी आणि आम्हीही. मी हे दरवर्षी करतो आणि दरवर्षी पहिलं रोप वर आलं की मला वाटतं, आईशप्पथ, हे खरंच होतं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतले एक कारखान्याचे साहेब होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी वेळापत्रक मागितलं. कोणतं बी कधी टाकणार, कधी उगवणार, पहिली तोडणी कोणत्या तारखेला. मी आपले अंदाज सांगितले, त्यांनी ते लिहून घेतले, आणि काकडीला दोन दिवस उशीर झाला तेव्हा मला फोन करून कारण विचारलं. मी म्हटलं, "साहेब, काकडीला विचारून सांगतो." त्यानंतर त्यांनी कारखान्यातलं जाडी मोजायचं व्हर्निअर घरी आणलं आणि एकाच काकडीची सकाळ-संध्याकाळ मापं घ्यायला लागले. आठव्या दिवशी मी गेलो तर माणूस वेलापुढं उकिडवा बसलेला. "मामा, हिला कुणी मशीन लावलेलं नाही, कुणी बटण दाबलेलं नाही, आणि ही रात्रीत बोटभर वाढलीये," म्हणाले. त्यानंतर वेळापत्रकाचं नाव निघालं नाही. ती काकडी त्यांनी तोडलीच नाही, पिवळी पडून फुटली.

आता आक्कांकडं येतो. खरं म्हणजे मला त्यांचंच लिहायचं होतं, इतका वेळ हात चाचपडत होतो.

आक्का जैन कुटुंबातल्या. माहेर सीमेपलीकडं, निपाणीच्या बाजूला शेतकऱ्याचं घर, सासर कोल्हापूर. यजमान गेलेले, मुलगा-सून सकाळी कामाला बाहेर पडणारे, नात पुण्याला नोकरीत. बंगल्याच्या मागं दोन गुंठ्यांचं मोकळं अंगण. पहिल्या दिवशी त्यांनी मला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि अटी सांगितल्या. जमिनीखाली वाढणारं काही लावायचं नाही. म्हणजे बटाटा, रताळं, गाजर, मुळा, बीट, कांदा, लसूण, आलं, हळद, सगळं गेलं. वांगं नको. चातुर्मासात पालेभाजी नको, पावसात पानांवर बारीक जीव असतात म्हणून. आणि फवारा मारून एकही किडा मारायचा नाही.

मी म्हटलं, "आक्का, मग मी हितं करायचं तरी काय?"

"उरलंय त्येवढं कर की," आक्का म्हणाल्या.

घरी येऊन शालनला म्हटलं, चार महिन्यांत आक्का कंटाळतील. त्याला आता अकरा वर्षं झाली.

पहिल्या वर्षी मावा पडला. मावा म्हणजे कोवळ्या शेंड्यांवर चिकटून रस पिणारे बारीक काळे किडे, पावट्याचा आणि चवळीचा मोठा वैरी. एरवी मी दोन फवाऱ्यांत विषय संपवला असता. इथं मी ओल्या फडक्यानं शेंडे पुसत बसायचो. अळ्या पानावर घेऊन मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये सोडून यायचो. शेजारचे लोक गॅलरीतून बघायचे. आक्कांनी एकच सवलत दिली होती, आंबट ताकात हिंग कालवून त्याचं पाणी फवारायचं. "मारायचं न्हाय. हाकलायचं. वासानं जाऊ देत कुटं जायचं तिकडं."

दुसऱ्या वर्षी मावा आला आणि त्याच्या मागोमाग लाल पाठीवर काळे ठिपके असलेले इवले भुंगे आले. कुठून आले देव जाणे. पंधरा दिवसांत त्यांनी आणि त्यांच्या पिलांनी शेंडे असे साफ केले की मी फडकं खिशात घालून नुसता बघत उभा राहिलो. मी सोळा वर्षं औषध मारत होतो तेव्हा हे भुंगे माव्याच्या आधी मरत असणार, हे मला त्या दिवशी कळलं. मी धावत जाऊन आक्कांना सांगितलं की तुमच्या बागेत भुंगे मावा खातायत. त्यांनी तांदूळ निवडता निवडता मान वर केली. "खाऊ देत की. ते त्येंचं कर्म. आपण मारायचं न्हाय," म्हणाल्या आणि परत ताटात बघायला लागल्या.

पावट्याचा मांडव ही त्या अंगणातली मुख्य गोष्ट. हा पावटा बाजारातला नव्हे. शेंग लांब, कडेला जांभळी रेघ, आणि बी काळंभोर, त्याच्या पाठीवर पांढरी पट्टी. आक्कांच्या आईनं, त्या तिला अव्वा म्हणायच्या, लग्नात आक्कांच्या ओटीत मूठभर घातला होता. तिन्ही बहिणींना दिला होता. दोघी बहिणींच्या शेतांत पुढं ऊस आला, बांध गेले, बांधावरचा पावटाही गेला. राहिला तो आक्कांच्या मांडवावर. दरवर्षी त्या बी धरायच्या, उन्हं देऊन, राखेत मिसळून डब्यात ठेवायच्या आणि आषाढात स्वतःच्या हातानं टाकायच्या. ते बी मला कधी टाकू दिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आक्का न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तो पावसाळा अंथरुणात गेला. मी बाकीची बाग सांभाळली, पण पावट्याचा डबा मागायचं धाडस मला झालं नाही आणि त्यांना कुणी आठवण केली नाही. पुढच्या वर्षी त्या चार पायांच्या काठीच्या चौकटीला, वॉकरला, धरून चालायला लागल्या तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बोलावलं, डबा मांडीत घेतला, आणि झाकण उघडलं. बी जुनं झालेलं, निम्म्याला भोकं पडलेली.

"तानाजी, माघात नातीचं लगीन हाय," म्हणाल्या. "तिच्या ओटीत घालायचाय ह्यो पावटा. अव्वानं मला दिला तसा. बग, ह्येच्यातनं काय येतंय का."

सगळं बी मी शालनकडं नेलं. तिनं ते पाण्यात भिजवलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं, आणि रोज सकाळी उघडून बघितलं. मूठभरातून नऊ उगवले. नऊ. डब्यात मागं काही उरलं नव्हतं, निपाणीला काही उरलं नव्हतं. त्या नऊ रोपांना मी मोटारसायकलवरून आणलं तेव्हा खड्डे चुकवत पंचवीस मिनिटांच्या रस्त्याला तासभर लावला.

लागले. नऊच्या नऊ लागले. श्रावण संपेपर्यंत मांडवाच्या डोक्यावर पोचले. आक्का खिडकीतून मोजायच्या. मग भादव्याच्या तोंडावर मावा पडला आणि सततच्या पावसानं भुंगे काही आले नाहीत. मी ताक-हिंगाचं पाणी तयार केलं. गणपती दोन दिवसांवर आलेले. या दिवसांत माझा फोन थांबत नाही, सगळ्यांना पाहुणे यायच्या आत बाग ठीकठाक हवी असते. त्या सकाळी पाच घरं होती आणि माझ्या पाठीवरच्या पंपाचा वायसर गेला, पंप दाब धरेना.

माझ्या चुलतभावाचा पंप त्याच्या उसाच्या खोपीत होता. मागितला. "ने की. उसात तणाचं औषध मारलंय, धुऊन घे तेवढं," त्यानं सांगितलं.

इथं बाहेरच्या लोकांसाठी सांगायला हवं. उसात रुंद पानाचं तण मारायला एक औषध वापरतात. ऊस म्हणजे शेवटी गवतच, त्यामुळं उसाला ते काही करत नाही. पण टोमॅटो, भेंडी, पावटा, कुठलाही वेल, यांना त्याचा नुसता वास पुरतो. आणि ते प्लॅस्टिकच्या पंपात असं मुरतं की नुसत्या पाण्यानं निघत नाही. आमच्याकडं जाणता माणूस त्या औषधाचा पंप वेगळाच ठेवतो. हे मला माहीत होतं. मी हे स्वतः दहा लोकांना सांगितलं आहे. तरी मी तो पंप विहिरीवर तीनदा धुतला, नाक लावून बघितलं, ताक-हिंग भरलं, आणि हिंगाच्या वासापुढं बाकी सगळे वास गेले. म्हटलं, तीनदा धुतलाय, काय होतंय. त्या दिवशी पहिलं घर आक्कांचं होतं. बाकीच्या चार घरांत फवारायचं काम नव्हतं, म्हणून ती चार घरं वाचली.

गणपतीदिवशी सकाळी आक्कांच्या सुनेचा फोन आला. जाऊन बघतो तर शेंडे माना मोडल्यासारखे खाली वळलेले, देठांना पीळ पडलेला, कोवळी पानं मुठी आवळल्यासारखी. मला बघताक्षणी कळलं. आणि मी काय बोललो असेन? आक्का खिडकीत उभ्या होत्या. मी म्हटलं, "आक्का, बोकड्या पडलाय."

बोकड्या हा मिरचीवरचा रोग. पानं आखडतात. दिसायला थोडं तसंच.

आक्कांनी वेलांकडं बघितलं. "पावट्याला बोकड्या मी कदी बगितला न्हवता," म्हणाल्या. एवढंच. मी मान खाली घालून गाडीला किक मारली.

एक शेंडा खुडून घरी नेला होता. शालननं तो हातात घेतला, देठ उलटा करून बघितला आणि माझ्याकडं बघितलं.

"ह्यो बोकड्या न्हवं. पंप कुणाचा घेतलासा?"

मी सांगितलं. तिनं तो शेंडा बाजूला ठेवला.

"उद्या सकाळी जाऊन शेंडे कापा. खालनं हातभर ठेवा, वरचं सगळं काढा. विष कोवळ्याकडं पळतंय. आणि आक्कास्नी सांगा."

शेंडे कापले. सांगितलं नाही. गणपतीचे दिवस आहेत, नंतर सांगू. मग आक्कांचं पर्युषण सुरू झालं, दहा दिवसांचं, एकभुक्त राहायच्या त्या, एकाच वेळी जेवण. म्हटलं, उपवासात त्यांना कशाला त्रास. सबब शोधायला बसलं की एक सोडून दहा सापडतात. मी रोज जायचो, नऊ बुडख्यांना गाळलेलं पाणी घालायचो, आणि आक्का ओट्यावर येऊन बसायच्या आत निघायचो. दहा दिवसांत पाच वाळले. उरलेल्या चारांना मी नखानं साल खरवडून बघायचो, आत हिरवं आहे का. नऊ वर्षं ज्या घरात मी ताठ मानेनं वावरलो, तिथं चोरासारखा मागच्या फाटकातून शिरत होतो.

पर्युषण संपल्यावर या लोकांचा क्षमेचा दिवस असतो. वर्षभरात ज्याला ज्याला आपल्याकडून दुखावलं गेलं असेल त्याची हात जोडून क्षमा मागायची. थोरानं धाकट्याची, मालकानं नोकराची, कुणी कुणाची. दरवर्षी आक्का ओट्यावरून माझ्याकडं बघून हात जोडायच्या, मीही जोडायचो, आणि पेढा घेऊन निघायचो. मला तो एक रिवाज वाटायचा.

त्या वर्षी मी मांडवाखाली खुरपं घेऊन बसलो होतो आणि मागं काठीच्या चौकटीचा ठक ठक आवाज आला. आक्का ओट्याच्या तीन पायऱ्या उतरून आल्या होत्या. खुब्यानंतर त्यांना पायरी उतरायची मनाई होती. सून मागून धावत आली, तिला त्यांनी हातानं थांबवलं. माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या, चौकट सोडली आणि दोन्ही हात जोडले.

"तानाजी, वरीसभर माझ्या बोलण्यातनं, वागण्यातनं तुला काय लागलं असंल तर क्षमा कर. आणि ह्या वक्ताला एक जादा हाय. पावटा गेला तवा माझ्या मनात आलं, ह्येनंच काय तर केलंय आणि खोटं बोलतोय. नऊ वरसं ज्येनं माझी बाग सांभाळली त्येच्याबद्दल मी वंगाळ विचार केला. दहा दिस उपास केला आणि दहा दिस त्योच विचार केला. त्येची क्षमा कर बाबा."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई मोडलेल्या खुब्यावर उभी राहून माझी क्षमा मागत होती, आणि तिच्या मनात जे आलं होतं ते शब्दन्‌शब्द खरं होतं. मी सगळं सांगितलं. पंप, खोप, तीनदा धुणं, हिंगाचा वास, बोकड्या. सांगताना मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मला वाटलं आक्का आता घालवतील. त्यांनी आधी चौकट धरली, मग म्हणाल्या, "मी मागितली, ती तू दिलीस का?"

"काय आक्का?"

"क्षमा. वंगाळ विचार केला त्यो केलाच की. खरा निघाला म्हणून काय झालं? आदी माझी दे."

मी कसाबसा म्हणालो, "केली आक्का."

"मग मी तुझी केली. झालं." जायला वळल्या आणि थांबल्या. "पण वेलाच्या वतीनं मला करता येत न्हाय. ती तुझी तू माग."

त्या गेल्यावर मी एकटाच मांडवाखाली राहिलो. पुढं चार बुडखे, हातभर उंचीचे, एकालाही पान नाही. मी देवभोळा नाही असं नाही, पण पावट्याच्या बुडख्याला हात जोडणारा माणूसही मी नव्हतो. इकडंतिकडं बघितलं, गॅलरीत कुणी नव्हतं. जोडले. काय बोललो ते लिहीत नाही.

पुढच्या पंधरवड्यात तीन वाळले. चौथ्याच्या अगदी बुडाशी, मातीला टेकून, कोंबाचा एक डोळा फुगला. पहिलं पान आलं ते वाकडं. दुसरं वाकडं. तिसरं अर्धं सरळ. चौथं पान सपाट, कोवळं, पावट्याच्या पानासारखं पान आलं त्या दिवशी मी आक्कांना खिडकीशी बोलावलं. मात्र मनातून मला माहीत होतं की आता उशीर झालाय. दसरा गेला होता. आमच्या मुडशिंगीत लोकांचे पावटे मांडव झाकून खाली लोंबायला लागले होते, आणि हा अजून गुडघ्याएवढा. हा वाढणार कधी, फुलणार कधी, पिकणार कधी. लग्न माघात. शालनही म्हणाली, फुलाला चैत्र उजाडेल.

मार्गशीर्ष लागला. एका सकाळी माझ्या बांधावरच्या पावट्याला फुलं आलेली दिसली. त्याच आठवड्यात मी आक्कांकडं गेलो तर कमरेएवढ्या त्या वेलाच्या शेंड्यातून जांभळ्या कळ्यांचा तुरा वर आला होता.

मी तिथंच खाली बसलो. आयुष्यभर मला हे ठाऊक होतं की पावटा ज्येष्ठात टाका नाहीतर श्रावणात, फुलतो एकदमच. पण ठाऊक असणं वेगळं. एका शेतकी अधिकाऱ्यांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, पावटा स्वतःचं वय बघत नाही, दिवस-रात्र बघतो. दिवस ठरावीक लहान झाला, रात्र ठरावीक मोठी झाली की कळी धरतो, मग वेल मांडवाएवढा असो की कमरेएवढा. म्हणजे ज्याला मी विष पाजलं, ज्याचं मी मुंडकं उडवलं, तो मातीत बसून रोज मावळतीचा हिशेब ठेवत होता, आणि ज्या दिवशी त्याच्या जातभाईंनी तुरा काढला त्याच दिवसांत त्यानंही काढला. मी देवळात उभा राहिलो की माझ्या मनात शंभर गोष्टी असतात. त्या सकाळी एकही नव्हती.

पहिले दोन तुरे गळाले. तिसऱ्याला चार शेंगा धरल्या. त्या चार शेंगांवर मी जेवढं लक्ष ठेवलं तेवढं माझ्या मुलीच्या दहावीवर ठेवलं नव्हतं. रोज सकाळी आधी तिथं. अळी दिसली की पानावर घेऊन मागच्या प्लॉटला. शेंगा भरल्या, जांभळी रेघ उमटली, पिवळ्या पडल्या, वेलावरच वाळल्या. हलवल्या की आत खुळखुळ वाजायला लागलं तेव्हा आक्कांनी सुनेच्या खांद्याला धरून खाली येऊन स्वतः तोडल्या. ओट्यावर ताटात फोडल्या. चौदा बिया निघाल्या. एक पोचट होती. तेरा राहिल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी दारातल्या लग्नमांडवाला आंब्याचे डहाळे घेऊन गेलो होतो. आक्का आतल्या खोलीत कॉटवर बसल्या होत्या, पुढं ताट. मला बोलावलं. त्यांनी पाच बिया नातीच्या ओटीसाठी हळदकुंकवाशेजारी ठेवल्या होत्या. पाच राख घातलेल्या डब्यात टाकल्या. उरलेल्या तीन उचलून माझ्यापुढं धरल्या.

मी हात मागं घेतले. "आक्का, माझ्या हातनं मेलाय त्यो."

"म्हणून तर देतोय न्हवं," आक्का म्हणाल्या. "माझ्यानं आता पायरी उतरवत न्हाय. पोरगी पुण्यात चौथ्या मजल्यावर. तुझ्यावाणी ह्येला कोण जपणार हाय? धर."

धरल्या. तीन काळ्या बिया, पाठीवर पांढरी पट्टी. बाहेर आलो, गाडीजवळ गेलो आणि उभा राहिलो. शर्टाच्या खिशात मोबाइल होता, पँटच्या खिशात किल्ल्या, सुटे पैसे, बांधायची तार. कुठल्याच खिशात त्या टाकवेनात. कागदात बांधाव्यात तर कागद पडेल. आणि एका मुठीनं मोटारसायकल चालवता येत नाही. ती तशीच आक्कांच्या फाटकाशी सोडली आणि बसनं मुडशिंगीला निघालो. कंडक्टरनं तिकीट दिलं ते डाव्या हातानं घेतलं. बसायला जागा होती तरी बसलो नाही.

घरी पोचलो तेव्हा शालन दारात रोपांना पाणी घालत होती. तिनं माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं.

"गाडी कुटं हाय?"

मी मूठ उघडली.